फर्माईशीच्या चिठ्ठ्या

मागच्या ऑक्टोबरात आमच्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम झाला, इथे न्यू जर्सीत, एका हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये, चारशेच्या आसपास लोक असतील. गायला टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतले तीन फायनलिस्ट आले होते, दोन मुली आणि एक मुलगा. नावं लिहीत नाही, कारण मला जे बोलायचंय ते आपल्या प्रेक्षकांबद्दल आहे. तर इंटरव्हलनंतर त्यातली एक मुलगी म्हणाली की आता मी एक नवीन गाणं म्हणते, आमचंच आहे, मित्राने चाल लावलीय. कीबोर्डवाल्याने सूर दिला आणि त्याच क्षणी माझ्या पुढच्या दोन रांगा चहा घ्यायला उठल्या. मागून कोणीतरी ओरडलं, ते शोमधलं म्हण ना! तिने गाणं पूर्ण केलं, चांगलं होतं, खरंच चांगलं होतं, अंतऱ्याला एक वळण इतकं सुंदर होतं की मी मान वर करून बघितलं, पण टाळ्या पडल्या त्या संपलं एकदाचं अशा. मग तिने शोमधलं गाणं घेतलं आणि सगळे फोन वर गेले.

हे मी सांगलीला माझ्या ताईला (मावसबहीण, पण सख्खीपेक्षा जास्त) फोनवर सांगितलं तर ती माझ्यावरच भडकली. ती गेली बावीस वर्षं गाण्याचा क्लास चालवते. म्हणाली, "अगं तुम्हीच बोलावता ना त्यांना डॉलर मोजून? म्हणून तर हे सगळं चालतं. माझ्याकडे आया येतात, म्हणतात मॅडम तीन गाणी बसवून द्या, ऑडिशन आहे. अलंकार नको, पलटे नको, रियाजाचं काहीच नको, गांधर्व महाविद्यालयाची प्रवेशिका परीक्षा पूर्ण व्हायच्या आत पोरीला टीव्हीवर जायचंय." तिचं म्हणणं असं की शोने तयार केलेला गायक हा दुसऱ्याची गाणी हुबेहूब म्हणणारा माणूस असतो, दोन वर्षं गाजतो आणि मग अमेरिका-दुबईच्या दौऱ्यांवर जगतो. तिकडे ही चर्चा कायमच चालू असते, मुलांचं बालपण जातं, एसएमएसने गाणं ठरतं, खरा हक्कदार हरतो वगैरे.

ताईचं निम्मं मला पटतं. निम्मं पटत नाही, आणि ते का ते नीट सांगायचंय.

आधी २००८-०९ चं. झी मराठीचं सारेगमप लिटिल चॅम्प्स, लहान मुलांची गाण्याची स्पर्धा. आम्ही तेव्हा इथे नवीन होतो, एका बेडरूमचं अपार्टमेंट, बर्फ, आणि शनिवारी सकाळी यूट्यूबवर कोणीतरी एपिसोडचे तुकडे चढवायचं, तेव्हा यूट्यूबवर दहा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ टाकता यायचा नाही त्यामुळे एक एपिसोड सहा-सात तुकड्यांत बघायचा, त्यात चौथा तुकडा हमखास गायब. पल्लवी जोशी सूत्रसंचालन करायची, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत हे परीक्षक मार्क म्हणून सूर द्यायचे, नी मिळाला की आम्ही इथे टाळ्या वाजवायचो आणि वरचा सा मिळाला तर माझ्या डोळ्यात पाणी. घरापासून इतकं लांब असताना आळंदीची कार्तिकी, अलिबागची मुग्धा, लातूरचा रोहित, कोकणातला प्रथमेश, पुण्याची आर्या ही पाच मुलं म्हणजे आमच्यासाठी अख्खा महाराष्ट्र होता. आम्हाला इथून मत देता यायचं नाही म्हणून मी आईला फोन करून सांगायचे की एसएमएस कर, आणि आई बिचारी नंबर लिहून घ्यायची. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी जिंकली, आणि तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक पॉटलकमध्ये कोणीतरी एक जण काढतोच, की खरं तर अमुक जिंकायला पाहिजे होता.

मला आता ह्या वादाचं काही वाटत नाही, आणि त्याचं कारण इथे राहून कळलं. अमेरिकन आयडॉल ही इथली टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा २००२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षीपासून फायनलिस्टांचा दौरा निघायचा, बहुतेक वर्षी पहिले दहा जण, बसमधून गावोगाव, मोठमोठ्या अरेनांमध्ये. २००४ च्या सीझनमध्ये सातवी आलेली मुलगी होती जेनिफर हडसन, तिला २००७ मध्ये ऑस्कर मिळालं. सातवी! २००७ मध्ये सातवाच आला संजय मलाकार, बंगाली वडिलांचा मुलगा, त्याच्या केसांवरून देशभर चर्चा, आणि आमच्या ऑफिसातले लोक मला विचारायचे की तुम्ही भारतीयच त्याला मतं देताय का, जणू मी रोज रात्री फोन घेऊन बसलेय. सांगायचं काय, तर निकाल हा त्या रात्रीचा असतो. पुढे कोण काय गातं ते वेगळंच ठरतं आणि ते ठरायला दहा-पंधरा वर्षं लागतात.

आणि ती दहा-पंधरा वर्षं त्यांना कुठे मिळतात? इथे माझं आणि ताईचं जुळत नाही. ती दौऱ्याला शेवट समजते आणि मला वाटतं खरी शिकवणी तिथे होते. शोमध्ये गाणं दीड-दोन मिनिटांचं, आवाज चुकला तर एडिटिंग आहे, रडू आलं तर कॅमेरा आहे. दौऱ्यावर शुक्रवारी बॉस्टन, शनिवारी आमच्याकडे, रविवारी सकाळी सहाची फ्लाइट धरून रॅले. हीटर चालू झालेले असतात, हवा कोरडी, घसा बसतो. साउंडवाला कोणीतरी कॉलेजचा मुलगा, ज्याने ढोलकी आयुष्यात माइक केलेली नाही. तीन तास उभं राहून गायचं आणि परीक्षक कोणी नाही. आमच्याकडे ती नवीन गाणं म्हणणारी मुलगी उतरली होती, बेसमेंटमध्ये. सकाळी साडेसहाला मी कॉफीला उठले तर खालून फोनवरच्या तानपुऱ्यावर खर्ज लावल्याचा आवाज, अर्धा तास, एकच सूर. रात्री एक वाजता झोपलेली. ताई, हे तुझ्या क्लासात होतं का ग आता?

बालपणाचा मुद्दा मात्र मी अजिबात उडवून लावणार नाही. भारतातला बालमजुरीचा कायदा २०१६ मध्ये बदलला आणि २०१७ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, बालकलाकाराला दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर नाही, लागोपाठ सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतले किमान वीस टक्के त्याच्याच नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी. चांगले नियम आहेत. पण इथे मंडळं लहान मुलांना बोलावतात तेव्हा कोणी विचारतं का की हा काल किती वाजता झोपला, शाळा किती बुडतेय? आम्हीही नाही विचारलं मागे एकदा, दहा वर्षांच्या मुलाला रात्री साडेअकराला वन्स मोअर मागितला, मीच ओरडले होते त्यात, आणि नंतर तो मुलगा विंगेत खुर्चीवर बसल्या बसल्या झोपलेला बघितला तेव्हा मला फार लाज वाटली.

पण माझी मुख्य तक्रार पुढची आहे. तिकडे म्हणतात टीव्हीने मुलांना लवकर मोठं केलं. मला इथे बसून दिसतं की आपण त्यांना मोठं होऊच देत नाही. लिटिल चॅम्प्सच्या त्या पाच जणांना शोमध्ये टोपणनावं होती, मोदक, मॉनिटर, माउली, रॉकस्टार, प्रिटी यंग गर्ल, आणि आमच्याकडे आजही लोक त्यांच्याबद्दल बोलताना तेच म्हणतात. अरे, २०२१ मध्ये तेच पाच जण त्याच शोमध्ये ज्युरी म्हणून बसले, डिसेंबर २०२३ मध्ये मुग्धा आणि प्रथमेशचं लग्न झालं, पंधरापेक्षा जास्त वर्षं झाली त्या फायनलला! आपली मुलं ह्या काळात डायपरमधून कॉलेजात गेली. आणि आपल्याला गाणं कोणतं हवं, तर जे आपण त्या अपार्टमेंटमध्ये तुकड्यातुकड्यात बघितलं होतं तेच, त्याच हरकती, त्याच जागा घेऊन. मला कळतं हे कुठून येतं. आपण देश ज्या वर्षी सोडला ते वर्ष आपल्या डोक्यात थांबलेलं असतं आणि ते परत बघायला आपण पन्नास डॉलरचं तिकीट काढतो. पण समोर उभा असलेला माणूस त्या वर्षात राहत नाही ना.

ह्याला पैशाची पण बाजू आहे, ती मला कार्यक्रम समितीत गेल्यावर समजली. कलाकारांसाठी पी-थ्री व्हिसाचा अर्ज इथल्या स्पॉन्सरने करायचा, एप्रिल २०२४ पासून फी वाढलीय, वर वकील, विमानाची तिकिटं. म्हणजे तबला, ढोलकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड असे चार वादक आणले की बजेट कुठच्या कुठे. मग प्रमोटर म्हणतो ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या वादनावर, करू या. आणि ट्रॅक मिळतात जुन्या हिट गाण्यांचे. नव्या गाण्याचा ट्रॅक बनवायचा तर वेगळा खर्च, आणि बनवून लोक चहाला उठणार असतील तर कोण करणार? अशी ही साखळी आहे, आणि माझ्या मते ती प्रेक्षकाच्या टोकाकडूनच सुटू शकते, कारण पैसे त्या टोकाला आहेत. तिकडचे निर्माते, चॅनल, एसएमएस ह्यावर आपला काही कंट्रोल नाही. आमच्या ऑडिटोरियमवर आहे.

म्हणून मी समितीत तीन गोष्टी मांडल्यात. करारातच लिहायचं की कार्यक्रमात किमान चार गाणी कलाकाराची स्वतःची किंवा गेल्या पाच वर्षांतली हवीत, आणि त्यांचे शब्द आधी आठवडाभर व्हॉट्सअॅपवर पाठवायचे म्हणजे लोकांना ओळख होईल. निदान दोन वादक लाइव्ह, इथेच एडिसन-प्रिन्स्टनकडे तबला शिकवणारे आहेत, त्यांना मानधन देऊन घ्यायचं. आणि सोळा वर्षांखालचा कलाकार असेल तर त्याचं गाणं रात्री नवाच्या आत संपवायचं. पहिल्या मुद्द्यावर वादावादी झाली. एक काका म्हणाले, "लोक पैसे परत मागतील." मी म्हटलं काका, तुम्ही भीमसेनजींच्या मैफिलीला जायचात तेव्हा फर्माईशीची चिठ्ठी पाठवून बसायचात का? तर म्हणाले, "हो, पाठवायचो की!" यावर सगळे हसले आणि विषय पुढच्या मीटिंगला गेला.

ताईला हे सांगितलं तर थोडा वेळ गप्प बसली. मग विचारलं, त्या मुलीच्या नवीन गाण्याची रेकॉर्डिंग आहे का तुझ्याकडे. होती, फोनवर, चहाच्या कपांचा आवाज आहे मधे मधे. पाठवली. रात्री तिचा मेसेज आला की अंतऱ्यात कोमल निषाद फार छान लागलाय, मुलीला विचार नोटेशन देईल का, क्लासात बसवते.