सामान्य अध्ययन आणि आमचा सातबारा

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेतल्या सामान्य अध्ययनाचा अभ्यासक्रम सात ओळींचा आहे. खोटं वाटत असेल तर जाहिरात काढून मोजा. त्यातली सातवी ओळ तर नुसती दोन शब्दांची: सामान्य विज्ञान. बस्स. पेशी, जनुकं, लशी, उपग्रह आणि दिव्याभोवती किडे का जमतात इथपर्यंतचं सगळं विश्व त्या दोन शब्दांच्या पोटात. सात ओळी एसटीच्या तिकिटामागे लिहून होतील. त्यांचा अभ्यास करायला मी पुण्यात आलो तेव्हा हातात एक पिशवी होती. आता खोलीच्या दारापर्यंत पोचायचं तर आधुनिक इतिहासावर पाय देऊन पर्यावरण ओलांडावं लागतं.

'सामान्य' या शब्दाने आमच्या घरी फार घोळ घातला. आत्याला वाटतं, विशेष अध्ययन म्हणून काहीतरी महागडं असणार, आणि आपल्या अण्णाला, म्हणजे माझ्या वडिलांना, ते परवडलं नसणार. "सामान्य घेतलंस ते बरं केलंस," ती एकदा म्हणाली, "उगाच झेपंल तेवढंच घ्यावं माणसानं."

मी ज्या अभ्यासिकेत बसतो ती सदाशिव पेठेत आहे. अडीच फुटांची फळी, दोन्ही बाजूंना प्लायवूडचा आडोसा आणि समोर भारताचा नकाशा. हा नकाशा गेली तीन वर्षं माझ्याकडे बघतोय आणि मी त्याच्याकडे. उत्तरेकडून दक्षिणेकडे हिमालयातल्या खिंडी मला झोपेत म्हणता येतात. मागच्या महिन्यात मात्र पेरुगेटाजवळ एका गृहस्थांनी शनिपार कुठे म्हणून विचारलं आणि मी त्यांना लक्ष्मी रस्त्याला लावून दिलं.

अभ्यासिकेत बोलायला बंदी, त्यामुळे सगळं ज्ञान चहाच्या टपरीवर सांडतं. तिथे दोन जाती आहेत: 'सोर्स' बदलणारे आणि 'रिव्हिजन' करणारे. मी पहिल्या जातीचा. राज्यव्यवस्थेचं जाडं पुस्तक अर्ध्यात आलं की कुणीतरी येऊन सांगतो, अरे यंदा टॉपरने नोट्स वेगळ्याच वापरल्यात. की आम्ही निघालो झेरॉक्सच्या दुकानात. माझ्याकडे मूलभूत हक्क पाच प्रकारच्या नोट्समध्ये आहेत, राष्ट्रपती चार, आणि आणीबाणीपर्यंत अजून एकदाही धड पोचलेलो नाही. वाचनातली म्हणतोय. खिशातली दर महिन्याच्या वीस तारखेला येते.

पूर्वी निदान एक आधार होता. प्रश्नात चार विधानं असायची आणि त्यातलं एक जरी हमखास चुकीचं आहे हे कळलं, की दोन पर्याय आपोआप गळायचे. थोडं ज्ञान आणि बराचसा वास, यावर माणूस तरून जायचा. मग २०२३ साली आयोगाने 'वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत?' असं घाऊक भावात विचारायला सुरुवात केली. कोणती, ते नाही. किती. केवळ एक, केवळ दोन, तिन्ही, की एकही नाही. म्हणजे दोन विधानं छातीवर हात ठेवून सांगता येत असली आणि तिसऱ्याला पाय घसरला, तरी त्या दोघांचं पुण्य पदरात पडत नाही. बरोबर उत्तराला दोन गुण, चुकीला ०.६६ वजा. लहानपणी उत्तर आलं नाही तर भोपळा मिळायचा. इथे भोपळ्यासाठीही काहीतरी यावं लागतं.

या प्रश्नांनी आमच्या वाणीवर परिणाम झालाय. आईने फोनवर विचारलं, "पोळ्या किती खाल्ल्यास?" मी म्हणालो, "केवळ दोन." ती बिचारी मेसवाल्याला शिव्या देत बसली.

चालू घडामोडींचं दुखणं निराळंच. इतिहास निदान घडून गेलेला असतो. तो सहसा जागचा हलत नाही. चालू घडामोडी पाठ करेपर्यंत चालू पडतात. रामसर यादीतल्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून घोषित झालेल्या, पाणथळ जागांचंच घ्या. १९८१ साली भारतातल्या दोनच होत्या, चिलिका आणि केवलादेव. काय सुखाचा काळ असेल! २०१४ पर्यंत त्या २६ झाल्या, इथवरही ठीक होतं. त्यानंतर सरकारने असा काही सपाटा लावला की आकडा नव्वदीच्या पुढे गेला. मी भिंतीवर यादी लावली की दोन-तीन महिन्यांत तिला खाली शेपूट जोडावं लागतं. महाराष्ट्रातल्या तीन माझ्या पक्क्या आहेत: नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी. पावसाळ्यात रूममेटच्या कॉटखाली पाणी साचलं तेव्हा तो घाबरून म्हणाला, "कुणाला सांगू नकोस, घोषित करतील."

चैत्रात, पूर्व परीक्षेला पन्नासेक दिवस उरलेले असताना, अण्णांचा फोन आला. दोन दिवसांसाठी ये, काम आहे. आमचं गाव इंदापूर तालुक्यात. मी पर्यावरणाच्या नोट्स पिशवीत टाकल्या (त्या पिशवीतून बाहेर निघाल्या नाहीत हे वेगळं सांगायला नको) आणि स्वारगेटवरून एसटी धरली.

पोचलो त्या दिवशी एकादशी होती. आजीने ताट वाढलं. भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, तळलेली मिरची आणि साबुदाण्याची पापडी. तीन वर्षं मेसची भाजी खाल्लेल्या माणसाने अशा वेळी खाली मान घालून जेवावं. पण जीएसचा, म्हणजे सामान्य अध्ययनाचा, अभ्यास माणसाला खाली मान घालू देत नाही.

"आजी, ही भगर भरडधान्यात येते, ठाऊक आहे का? २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. प्रस्ताव आपलाच होता."

आजीचा घास थांबला. "कशात येती?"

"भरडधान्यात. त्याच्याही आधी, २०१८ साली, केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढली. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि ही असली बारीक धान्यं, या सगळ्यांना पौष्टिक तृणधान्यं म्हणायचं. राजगिरासुद्धा आहे त्यात."

"धान्य?"

"हो."

"धान्य असतं तर एकादशीला चाललं असतं का?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या पाचही सोर्समध्ये नव्हतं. मी आपला अधिसूचना, अधिसूचना म्हणत राहिलो. आजीने शांतपणे विचारलं, "सरकारला उपास असतो का?"

तिने पुढचा घास घेतला खरा, पण भगर बाजूला सारून. सत्तर वर्षांच्या एकादश्यांचा हिशेब तिच्या डोळ्यांपुढून सरकत असावा. मग ती म्हणाली, "आणि ह्या बाकीच्याचं काय? साबुदाणा चालतो का तुझ्या सरकारला?"

आता, साबुदाण्याचा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथलाच. शेंगदाणाही तिथलाच. मिरचीही अमेरिका खंडातूनच आलेली. म्हणजे त्या ताटात पिढ्यान्‌पिढ्या ह्याच मातीत वाढलेला जिन्नस एकच होता, आणि नेमका तोच मी बाद करून बसलो होतो. हे सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण आईने स्वयंपाकघराच्या दारातून असं काही बघितलं, की मी म्हणालो, "चालतो, आजी. साबुदाण्याची अधिसूचना नाही." परीक्षेत जमत नाही ते त्या दिवशी जमलं. येत असलेला प्रश्न मी सोडून दिला.

रात्री अण्णांनी काम सांगितलं. आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली, सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव. वारसनोंद करायची होती. "तुझा अभ्यासच तो हाय," अण्णा म्हणाले, "जरा बघ की."

अभ्यास होताच. जमीन महसूल हा तर माझा हातखंडा विषय. मी मांडी ठोकून बसलो आणि सुरुवात केली. १७९३ची कॉर्नवॉलिसची कायमधारा, बंगालमधली. मग मन्रोची रयतवारी, मद्रासकडची. मग उत्तरेकडची महालवारी. अण्णा ऐकत होते. आपल्या इंदापूरचा तर खास उल्लेख आहे म्हटल्यावर आईही हात पुसत येऊन बसली. इंग्रजांनी आधी प्रिंगलकडून मोजणी करवली, ती फसली, तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीने मोजणीला हात घातला तो आपल्याच तालुक्यात. पुढे सावकारी वाढली, १८७५ साली इथून जवळच सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, आणि तिथून दख्खनचे दंगे पेटले.

"म्हंजे आपली रयतवारी," अण्णा म्हणाले.

"बरोबर."

"मग नोंद कशी करायची?"

मी जरा वेळ घेतला. पंधरा गुणांच्या प्रश्नाला अडीचशे शब्दांची सवय लागली की माणूस आधी प्रस्तावना शोधतो. "याला दोन बाजू आहेत," मी म्हणालो. "एकीकडे भूमिअभिलेखांचं संगणकीकरण झालंय, तर दुसरीकडे प्रलंबित नोंदींचं आव्हान कायम आहे. पुढची दिशा म्हणून..."

"पुढची दिशा म्हंजे उद्या दहाला ऑफिसात," अण्णा म्हणाले आणि कुशीवर वळले.

सकाळी मी कपाटातला पांढरा शर्ट काढला. तो मी मुलाखतीसाठी शिवून ठेवलाय. मुलाखत अजून दोन परीक्षा लांब आहे, तोवर शर्टाला हवा लागावी. वाटेत गाडीवर मी अण्णांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ समजावून सांगितला. टाळाटाळ केलीच तर हा कायदा तोंडावर टाकायचा, असं मनाशी ठरवलं होतं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, हेही त्यांना सांगितलं. चालू घडामोडींचा एवढा एक थेट उपयोग.

"तू आत जा, मी बसतो हितं," अण्णा म्हणाले आणि ओट्यावरच्या बाकावर, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसले.

आत माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा एक माणूस संगणकापुढे बसला होता. त्याने माझ्याकडे, मग शर्टाकडे बघितलं. "कुठं असता?"

"पुण्यात. सदाशिव पेठेत."

त्याने माउस सोडला. "यूपीएससी का राज्यसेवा?"

मी यूपीएससी म्हणताच त्याने खुर्ची पुढे ओढली. चार पूर्व, एक मुख्य, मग ही नोकरी. शास्त्री रस्त्यावरची ती अमुक अभ्यासिका आहे का अजून? त्या कोपऱ्यावरचा चहा? ऑप्शनल कुठला घेतलाय? मी मराठी साहित्य म्हटल्यावर त्याने डोळे मिटून मान हलवली. कौतुक होतं की सांत्वन, ते कळलं नाही. "सीसॅट सांभाळा," तो म्हणाला. सीसॅट म्हणजे पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर, नुसता पास व्हायचा. "दोनशेपैकी ६६ तर पाहिजेत, म्हणून माणूस गाफील राहतो. माझी शेवटची पूर्व त्याच्यातच गेली. जीएसला कट-ऑफच्या वर होतो मी. वर!" हे बोलताना त्याचा आवाज असा काही चढला की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांना सवय असावी.

मग आम्ही 'किती विधाने' या प्रकारावर अर्धा तास हळहळलो. त्याने विचारलं, आधुनिक इतिहासाला सोर्स काय? मी पाचही सांगितले. त्याने त्यातले तीन रद्द केले, ते मी ऐकलं. मध्ये चहा आला. खिडकीतून अण्णा दिसत होते. पोरगा आत तासभर बसलाय, चहा येतोय, म्हणजे काम मोठ्या पातळीवर चाललंय, असं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं होतं. मी हात हलवला. त्यांनी 'सावकाश होऊ दे' अशी खूण केली.

निघताना आठवण झाली म्हणून मी म्हणालो, "हां, आमची एक वारसनोंद होती."

"करू की. मृत्यूचा दाखला आणलाय?"

मी खिसे चाचपले. वरच्या खिशात निळं, काळं आणि हायलायटर अशी तीन पेनं निघाली.

बाहेर आलो. अण्णा उठून उभे राहिले. "काय म्हणला?"

"म्हणाला, पर्यावरण पक्कं कर."

"आन् नोंद?"

"मृत्यूचा दाखला लागतो. गावात जाऊन आणावा लागेल."

अण्णांनी कापडी पिशवीत हात घातला. आजोबांच्या मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, अर्ज, जुना सातबारा आणि आठ-अ, सगळं प्लॅस्टिकच्या एका पाकिटात, ज्या क्रमाने मागतात त्या क्रमाने लावून ठेवलेलं. "तू इचारलंच न्हाईस," ते म्हणाले आणि चपला काढून आत गेले.

मी बाकावर बसलो. पाच मिनिटांत ते पोच घेऊन बाहेर आले. गाडीला किक मारता मारता त्यांनी पुढचं सगळं सांगितलं. फेरफाराची नोंद घातली जाईल, नोटीस निघेल, पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतील, आणि मग सातबाऱ्यावर नाव चढेल.

"अण्णा, थांबा जरा," मी म्हणालो, "हे परत सांगा." आणि मागच्या सीटवर बसल्या बसल्या वही काढून लिहून घेतलं. मुख्य परीक्षा, पेपर दोन, प्रशासन. सोर्स सहावा.