बोर्ड नाही, म्हणजे मगर नाही?

उत्तर ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर आणि काकाडू राष्ट्रीय उद्यान यांच्या सहलीला निघालेल्या मंडळींमध्ये एक फॉरवर्ड फिरतोय. सार असं: सॉल्टी, म्हणजे खाऱ्या पाण्यातली मगर, समुद्राजवळच असते, आतल्या नद्यांत बिनधास्त उतरा. मगरीचा इशारा देणारा बोर्ड नसेल तर प्रश्नच मिटला. दहा मिनिटं पाणी न्याहाळा, काही हललं नाही तर डुंबा. जुने डार्विनकर पोहायचेच की! आणि मगर मागे लागलीच, तर नागमोडी पळा.

पहिलंच वाक्य जीवघेणं आहे. सॉल्टी गोड्या पाण्यात मजेत राहते, किनाऱ्यापासून शंभर-शंभर किलोमीटर आतही. काकाडूतले बिलबाँग हे गोड्या पाण्याचेच डोह. २००२ साली त्यातल्याच एकात रात्री पोहायला उतरलेल्या जर्मन तरुणीचा मगरीनं बळी घेतला. पावसाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, नद्या फुगतात आणि सॉल्टी वरपर्यंत चढतात. म्हणून कॅथरिन गॉर्ज या नदीच्या घळईत पाणी ओसरल्यावर रेंजर पाहणी करतात, सापळे लावतात, मगच पोहायला मुभा मिळते. त्यातही शंभर टक्के खात्री नाहीच: लिचफील्ड राष्ट्रीय उद्यानातल्या वांगी धबधब्याखाली मुभा असताना जुलै २०२३ मध्ये मगरीनं एकाला चावा घेतला.

बोर्डाचा नियम तिथं नेमका उलटा आहे. ‘पोहायला हरकत नाही’ असं लिहिलेलं नसेल, तर पाण्यात मगर आहे असंच धरायचं. बोर्ड पुरात वाहून जातात, आठवण म्हणून पळवलेही जातात.

दहा मिनिटांचं तर हसूच येतं. मोठी मगर तासभरही पाण्याखाली राहू शकते, आणि गढूळ पाण्यात गुडघाभर खोलीवरही दिसत नाही. शिवाय न्याहाळणारे फक्त आपणच नसतो. रोज त्याच जागी भांडी घासायला किंवा मासे साफ करायला गेलात, की तिला तुमची वेळ कळते. काकाडूतल्या ईस्ट ॲलिगेटर नदीवरच्या केहिल्स क्रॉसिंगला, म्हणजे पाण्यातून गाडी पलीकडे नेण्याच्या वाटेवर, भरती चढताना माशांसाठी मगरी जमतात, लोक ते पाहायला जातात. तिथंच जानेवारी २०१७ मध्ये पायी पलीकडे निघालेला एक माणूस मगरीच्या तोंडी गेला. गाडी घालण्याआधी चालून खोली बघण्याची आपली सवय तिथं नको. खोलीचे खांब रोवलेले आहेत.

जुने लोक पोहायचे हे खरं, पण का? कातड्यासाठी बेसुमार शिकार होऊन मगरी जवळपास संपल्या होत्या. १९७१ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे डार्विन-काकाडूच्या प्रांतात, त्यांना संरक्षण मिळालं, तेव्हा काही हजार उरल्या होत्या. आज सुमारे एक लाख आहेत. आजोबांच्या काळची नदी आता नाही.

कृष्णाकाठचे लोक म्हणतील, आम्हाला मगर नवी नाही. पण सांगलीची मगर वेगळ्या जातीची, आणि तिनंही माणसं ओढली आहेतच. सॉल्टीचा नर पाच मीटरच्या पुढे जातो.

नागमोडी पळणं? मगर जमिनीवर पाठलाग करत बसत नाही, काठावर झडप घालते. सरळ पाण्यापासून लांब पळा. मुळात काठापासून पाच मीटर दूर राहा आणि तंबू पन्नास मीटरच्या पलीकडे ठोका.