‘मेंदूतला भराव’ गप्प बसत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘मेंदूतल्या ९० टक्के पेशी नुसता भराव. त्या हलत नाहीत, वाढत नाहीत. पाच वर्षांनंतर मेंदू घडणे बंद!’ खाली कोर्सची जाहिरात. आपल्या मराठी शाळांतल्या आईबापांना यामुळे धडकी भरते, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी आकडा. एका चेतापेशीमागे दहा ग्लिया पेशी (चेतापेशींच्या सोबतीच्या पेशी; मेसेजमधला ‘भराव’ तो हाच), असे पूर्वी पाठ्यपुस्तकांतही छापले जायचे. २००९ साली ब्राझीलमधल्या संशोधकांची मोजणी प्रसिद्ध झाली: माणसाच्या मेंदूत चेतापेशी सुमारे ८६ अब्ज, आणि बाकी सगळ्या मिळून सुमारे ८५ अब्ज. निम्म्याला निम्म्या.

‘हलत नाहीत’ हे तर सपशेल चूक. चेतातंतूंवर मायलिनचे, म्हणजे चरबीयुक्त थराचे, वेष्टण चढवणाऱ्या ग्लिया पेशींच्या पूर्वज पेशी गर्भाच्या मेंदूत ठरावीक जागी जन्मतात आणि रक्तवाहिन्यांना धरून लांबवर सरकत जातात. झेब्राफिश या छोट्या माशाचे पिल्लू पारदर्शक असल्याने त्याच्या मज्जारज्जूत अशा पेशींची हालचाल सूक्ष्मदर्शकातून थेट पाहता येते. पेशी आपले धागे पुढे करून चाचपत असते; शेजारणीचा स्पर्श झाला की धागा मागे घेते, वाट बदलते. म्हणूनच त्या साधारण सारख्या अंतरावर पसरतात. एखादी नाहीशी झाली तर जवळची सरकते किंवा विभागते, आणि जागा भरून निघते. वरून हुकूम देणारे कुणी नसताना हे घडते, आणि मला यातले सगळ्यात विलक्षण तेच वाटते.

मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक ग्लिया पेशी, तर मेंदूत जन्मतच नाहीत. त्या गर्भाच्या पीतक कोशात (गर्भाला जोडलेल्या पिशवीत) तयार होऊन मेंदूत येतात.

आणि ‘भराव’? गर्भाच्या मेंदूत अरीय ग्लिया नावाच्या लांबट पेशी आतल्या भिंतीपासून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत ताणलेल्या असतात. मांडवाच्या खांबावर वेल चढावा तशा नव्या चेतापेशी त्यांना धरून वर जातात. इतकेच नव्हे, या ग्लिया विभागतात तेव्हा त्यांच्यातूनच चेतापेशी निपजतात. त्या नसत्या तर मेंदूचा बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, उभाच राहिला नसता.

पाच वर्षांची मुदतही खोटी. सुरुवातीची वर्षे मोलाची आहेतच, तेव्हा मायलिन झपाट्याने चढते. पण विशी ओलांडल्यावरही ते चढत राहते, आणि त्या पूर्वज पेशी प्रौढ मेंदूतही टिकून असतात, विभागतात. आठवीतल्या पोराला कन्नड जड जातेय म्हणून कुणी ‘आता मेंदू घडून संपला’ असे सांगत कोर्स गळ्यात मारत असेल, तर त्याला एक पैसाही देऊ नका.