‘आज रात्री मोबाइल बंद ठेवा’ : नका ठेवू

गेल्या मंगळवारी रात्री दोन वाजता ताईला कळा सुरू झाल्या. भावोजी बाहेरगावी होते. असं काही झालं तर ताईनं आईला फोन करायचा आणि आईनं लगेच निघायचं, हे महिनाभर आधी ठरलेलं होतं. ताईनं सात वेळा फोन लावला. आईचा फोन बंद. शेवटी शेजारच्या काकूंनी तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. ताई आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत, म्हणून हे शांतपणे लिहिता येतंय.

फोन बंद का होता? मामानं पाठवलेल्या मेसेजमुळे. ‘ऑगस्टच्या या शेवटच्या आठवड्यात आकाशात पाच अद्भुत घटना, नासाची घोषणा!’ मंगळ चंद्राएवढा दिसणार, ग्रह एका रेषेत आल्यानं माणसांचं वजन कमी होणार, साध्या दुर्बिणीतून चांद्रयान दिसणार, अवकाश स्थानक नुसत्या डोळ्यांनी दिसणार. आणि या सगळ्यांच्या मधोमध हे : ‘आज रात्री १२.३० ते ३.३० मंगळावरून निघालेले कॉस्मिक किरण पृथ्वीजवळून जातील. मोबाइल बंद करा, अंगाजवळ ठेवू नका, जीवघेणं ठरू शकतं. आपल्या माणसांना कळवा.’ आई म्हणाली, “दादा खोटं कशाला पाठवेल?” मामाला त्याच्या मित्रानं पाठवलं होतं, आणि त्यालाही हाच प्रश्न पडला असणार.

तर आधी हे किरण. मजकुरात तारीख नाही, नुसतं ‘आज रात्री’ आहे. त्यामुळे तो शिळा होत नाही. हाच मजकूर, याच वेळा घालून, कितीतरी वर्षं फिरतोय. साडेबारा म्हणजे कुठले साडेबारा, तेही लिहिलेलं नाही. एका देशात मध्यरात्र असते तेव्हा दुसऱ्या देशात लख्ख ऊन असतं. मग तिथल्या लोकांनी फोन दुपारी बंद करायचे का?

मंगळ हा थंड, खडकाळ ग्रह आहे. तिथून असे किरण निघत नाहीत. कॉस्मिक किरण, मराठीत वैश्विक किरण, म्हणजे प्रचंड वेगानं येणारे विद्युतभारित कण, बहुतेक प्रोटॉन. त्यातले थोडे सूर्याकडून येतात आणि जास्त ऊर्जेचे सूर्यमालेच्या बाहेरून. ते एखाद्या रात्री ‘जवळून’ जात नाहीत, सतत येतच असतात. हे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सिद्ध झालंय. व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियाचा शास्त्रज्ञ १९१२ साली किरणोत्सार मोजणारी उपकरणं घेऊन फुग्यातून सात वेळा वर गेला. ऑगस्टच्या उड्डाणात तो पाच हजार मीटरच्याही वर पोहोचला. किरणोत्सार जमिनीतून येत असेल तर वर जाताना तो कमी व्हायला हवा होता, पण उंचावर तो वाढत गेला. एप्रिलमध्ये सूर्यग्रहण चालू असताना केलेल्या उड्डाणात तो घटलाही नाही, म्हणजे त्याचा मुख्य उगम सूर्य नव्हता. याच शोधासाठी हेसला १९३६ साली नोबेल मिळालं.

आपल्या डोक्यावरची हवा या किरणांच्या आड येते. तिचं वजन साधारण दहा मीटर खोल पाण्याइतकं आहे. मूळ कण वरच फुटतात आणि त्यांच्यापासून झालेले म्यूऑन नावाचे कण खाली पोहोचतात. तळहात आडवा धरला तर त्यातून सेकंदाला साधारण एक म्यूऑन पार जातो. म्हणजे साडेबारा ते साडेतीन या तीन तासांत दहा हजारांच्या आसपास. कालही गेले, आजही जातील, फोन चालू असो वा बंद. त्या कणांना फोन ओढून घेत नाही आणि फोन बंद केल्यानं ते अडतही नाहीत.

यात खऱ्याचा एक कण आहे, तोही सांगते. हवेच्या कवचाबाहेर हे किरण खरोखर त्रासदायक आहेत. उपग्रहांच्या चिपमध्ये त्यांच्यामुळे चुका होतात. नासाच्या क्युरिऑसिटी यानानं मंगळाकडे जाताना दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक) किरणोत्सार मोजला. मंगळावर माणूस पाठवण्यातली ही मोठी अडचण आहे. पण ती अवकाशवीरांची अडचण आहे. आईच्या उशाशी ठेवलेल्या फोनचा तिच्याशी काही संबंध नाही.

बाकीचं पटकन. मंगळाची अफवा २००३ ची आहे. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ खरंच ५.५८ कोटी किलोमीटरवर आला होता, सुमारे साठ हजार वर्षांतला सर्वांत जवळ. तेव्हाच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. पुढे कुणीतरी दुर्बीण गाळली. मंगळ साधारण २६ महिन्यांनी जवळ येतो : जानेवारी २०२५ मध्ये आला होता, आता फेब्रुवारी २०२७ मध्ये येईल. या ऑगस्टमध्ये तो सूर्याहूनही लांब आहे.

वजन कमी होण्याची गोष्ट ब्रिटिश खगोलतज्ज्ञ पॅट्रिक मूर यांनी बीबीसी रेडिओवर सांगितली होती, १ एप्रिल १९७६ ला. तारीखच पुरेशी आहे. तरीही आपण तरंगलो असं सांगणारे फोन आले. प्रत्यक्षात शुक्र सर्वांत जवळ असतानाही त्याची भरती-ओहोटीची ओढ चंद्राच्या वीस हजाराव्या भागाइतकी असते आणि गुरूची त्याहूनही कमी. १० मार्च १९८२ ला सगळे ग्रह सूर्याच्या एका बाजूला आले होते, तेव्हा भूकंपांची भाकितं झाली. काहीही घडलं नाही.

चांद्रयान-३ चं विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं, त्याला चंद्राभोवती फिरणाऱ्या यानानं टिपलंय. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या हबल अवकाश दुर्बिणीलाही चंद्रावरची शंभरेक मीटरहून लहान वस्तू वेगळी दिसत नाही, आणि विक्रम दोनेक मीटरचं आहे. घरातल्या दुर्बिणीचं बोलायलाच नको.

अवकाश स्थानकाचं मात्र बरोबर आहे, हे नाइलाजानं मान्य करते. वेळ तेवढी चुकवली आहे. मेसेजमध्ये ‘रात्री बारा वाजता लुकलुकताना दिसेल’ असं आहे. स्थानकाचा जो प्रकाश आपल्याला दिसतो तो त्याच्यावर पडलेला सूर्यप्रकाश, म्हणून ते बहुतेक ठिकाणी सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधीच्या दीड-दोन तासांत दिसतं. ते लुकलुकत नाही, एकसारखं चमकत चार-सहा मिनिटांत आभाळ ओलांडतं. ते सुमारे ४०० किलोमीटरवर आहे आणि दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं. कधी कधी ते आभाळाच्या मध्यावरच विझतं, तेव्हा ते पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं. ताई बाळाला घेऊन घरी आली की एका संध्याकाळी आईला हे दाखवणार आहे. मामालाही बोलावलंय.