‘ट्यूनाच्या डब्यात काच’ या रिव्ह्यूला दुकानाच्या मालकाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. खरं सांगायचं तर चार वेळा वाचला. आमच्याकडून घेतलेल्या ट्यूनाच्या डब्यात काचेसारखा तुकडा निघाला, तो तुमच्या सासूबाईंच्या दाताखाली आला, घरातलं सगळं जेवण तसंच टाकून उठावं लागलं. याबद्दल मी मनापासून माफी मागतो. सासूबाईंना इजा झाली नाही हे तुम्हीच लिहिलंय, ते वाचून जरा हायसं वाटलं. त्यांनाही माझ्याकडून माफी सांगा.

एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. ‘इथून खाण्याचं काही घेऊ नका’ असं लिहिलंत. तेही मी गिळलं. संतापात माणूस लिहितो, तुमच्या जागी मी असतो तर मीही लिहिलं असतं. पण त्याखाली एक वाक्य आहे, त्याने माझी दोन रात्री झोप गेली. तुम्ही लिहिलंय, ‘मालकाने पुरावा नष्ट करण्यासाठी तो तुकडा आमच्याकडून काढून घेण्याचा प्रयत्न केला.’

ताई, मी तुकडा मागितला, हे खरं. हात पुढे केला, हेही खरं. पण काढून घ्यायला नाही. त्या संध्याकाळचं कॅमेऱ्यातलं चित्रण मी बसून पाहिलं. तुम्ही आलात ७ वाजून ५२ मिनिटांनी. (रिव्ह्यूमध्ये ‘सात वाजता’ आहे. फरक छोटा आहे, पण आठच्या आसपास आमच्याकडे काय गर्दी असते ते तुम्ही पाहिलंच.) तुम्ही टिश्यू पेपर उघडून काउंटरवर ठेवलात, मी चष्मा लावून पाहिलं, मग गल्ल्याखालचा पाकिटांचा गठ्ठा काढला आणि एक कोरं पाकीट तुमच्यासमोर धरलं. चित्रणात आवाज नाही, पण मी काय म्हणालो ते मला पक्कं आठवतंय: ‘यात घाला, मी कंपनीला पाठवतो.’ तुम्ही टिश्यू मिटलात आणि पर्समध्ये ठेवलात. त्यानंतर मी परत मागितला नाही. पुरावा नष्ट करणारा माणूस कोरं पाकीट कशाला काढेल?

पाकिटावर तारीख घालून, तुमच्यासमोर चिकटवून, तुमची सही घेतली असती तर बरं झालं असतं, हे मला आता सुचतंय. तेव्हा मागे सहा माणसं उभी होती आणि त्यांतल्या एका काकांनी मोबाइल वर धरला होता.

तुकडा का हवा असतो ते सांगतो. डबा आमच्याकडे येतो तो सीलबंद. आम्ही तो रॅकवर लावतो, एवढाच आमचा त्याला हात लागतो. तक्रार कंपनीला कळवली की ते सगळ्यात आधी तीन गोष्टी विचारतात: झाकणावरचा बॅच नंबर, बिल, आणि सापडलेली वस्तू. वस्तूचा फोटो नाही, वस्तू. फोटोत काच, कडक प्लास्टिक आणि मिठाचा खडा सारखेच दिसतात. तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. त्यात तुमच्या ओट्यावरची नक्षी स्वच्छ दिसते आणि तुकडा धूसर. हा दोष नाही काढत, मोबाइलचा कॅमेरा बारीक पारदर्शक वस्तूवर नीट थांबत नाही. पण त्या फोटोवरून कंपनी एक पाऊलही पुढे जात नाही.

आता मी त्या वेळी जे म्हणालो, त्याबद्दल. ‘ही काच नसेलही’ असं मी म्हणालो आणि तुम्ही लिहिलंत की मालक हसला. मी हसलो नाही. माझा चेहराच तसा आहे, घरचेही हेच म्हणतात. पण ते वाक्य त्या क्षणी बोलायला नको होतं, एवढं मान्य. समोरच्या माणसाच्या घरात म्हातारं माणूस घास तोंडात घेऊन घाबरलेलं असताना मी तिथे ज्ञान पाजळायला निघालो.

तरी ते ज्ञान खोटं नव्हतं, म्हणून इथे लिहितो. डब्यातल्या माशात कधी कधी आपोआप स्फटिक तयार होतात. त्यांना स्ट्रुव्हाइट म्हणतात. रसायनशास्त्रात त्याचं नाव मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट. हे घटक माशातच असतात. डबा बंद करून तापवतात आणि मग तो थंड होतो, त्यात आणि पुढे साठवणीत हे घटक एकत्र येऊन खडे धरतात. सॅमन, ट्यूना, खेकडा यांच्या डब्यांत हे आढळतं. दिसायला हुबेहूब काचेचा कपचा. पोटात गेले तर अपाय करत नाहीत, विरघळतात. ओळखायची खूण म्हणजे काच नखाने ओरखडत नाही, हे खडे नखाने ओरखडले जातात आणि चमच्याखाली दाबले तर त्यांचा चुरा होतो. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात घालून काही मिनिटं गरम केले की विरघळतात. काच काही केल्या विरघळत नाही.

म्हणजे तुमच्या डब्यात स्ट्रुव्हाइटच होतं असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. काचही असू शकते. मोठ्या कारखान्यांत डबे एक्स-रे यंत्राखालून जातात, कारण पत्र्याचा डबा मेटल डिटेक्टरखाली घातला तर डबाच वाजणार. एक्स-रेला काच दिसते, कारण ती माशापेक्षा घट्ट असते. पण डब्याच्या कडेला, जिथे पत्रा दुमडलेला असतो तिथे एखादा बारीक तुकडा दडून बसला तर यंत्रही फसतं. केस, कागद, पातळ प्लास्टिक तर त्याला दिसतच नाही. म्हणून ‘कंपनीकडे यंत्रं आहेत, असं होणारच नाही’ हे मी कुणाला सांगत नाही, तुम्हालाही सांगितलं नाही.

अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाच्या, मार्गदर्शक सूचनेत ७ ते २५ मिलिमीटर लांबीची कडक किंवा अणकुचीदार वस्तू धोक्याची धरली आहे. तुमचा तुकडा तुम्ही लिहिल्याप्रमाणे ‘तांदळाच्या दाण्याएवढा’ होता, म्हणजे सात मिलिमीटरपेक्षा लहान असावा. हे लिहिलं आणि लगेच खोडावंसं वाटलं, कारण त्याच सूचनेत लहान मुलं आणि वृद्ध यांना त्याहून लहान तुकड्यानेही इजा होऊ शकते असं म्हटलंय, आणि तुमच्याकडे तो वृद्ध माणसाच्याच तोंडात आला. तेव्हा तो मुद्दा सोडा.

माझा भाचा दुकानाचं ऑनलाइन काम बघतो. त्याचं म्हणणं, पेप्सीचा किस्सा लिहा. १९९३ साली अमेरिकेत पेप्सीच्या कॅनमध्ये सिरिंज सापडल्याच्या तक्रारींची रांग लागली होती आणि सगळा बनाव निघाला. एका दुकानाच्या कॅमेऱ्यात तर बाई स्वतः सिरिंज टाकताना दिसली. मी त्याला म्हटलं, हे लिहायचं नाही. ताईंचा इथे काय संबंध? तुम्ही खोटं बोलताय असं माझ्या मनातही आलं नाही. किस्सा लिहून झालाच आहे तर राहू दे, पण तो तुमच्यासाठी नाही. तो एवढ्याचसाठी की वस्तू तपासल्याशिवाय कंपनीवाले तक्रारदाराचंही ऐकत नाहीत आणि दुकानदाराचंही, त्यांचं तसं होण्यामागे असे अनुभव आहेत.

आता माझ्या बाजूची चूक. तुम्ही लिहिलंय, ‘उघडा डबा बरोबर आणला होता, पण कुणी त्याकडे पाहिलंही नाही.’ याहून वाईट झालं. तुम्ही डबा काउंटरवर ठेवलात, आमच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाने तो उचलला, वास येतोय म्हणून मागच्या कचऱ्याच्या पिंपात टाकला आणि काउंटर पुसून घेतला. कचरा सकाळी साडेसहाला गेला. मला हे चित्रण पाहिल्यावर कळलं. बॅच नंबर त्या डब्यावर होता. म्हणजे पुरावा गेला तो आमच्याच दुकानातून गेला, पण लपवायला नाही, साफसफाईच्या नादात. त्या मुलाला मीच शिकवलंय की काउंटरवर खरकटं राहता कामा नये. त्याला मी कामावरून काढलेलं नाही आणि काढणारही नाही, कुणी तसं सुचवलं होतं म्हणून सांगतो.

नंबर हातात नसल्याने मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ट्यूनाचे सगळे डबे रॅकवरून उतरवले. सतरा होते, दोन वेगवेगळ्या बॅचचे. कोणत्या बॅचमधला तुमचा, कळायला मार्ग नाही, म्हणून दोन्ही खाली. खोक्यात भरून, वर ‘विकू नये’ लिहून गोडाऊनमध्ये वेगळे ठेवलेत. वितरकाला फोन केला, कंपनीला मेल केला. कंपनीचं उत्तर आलं की नमुना नसेल तर तपास मर्यादित राहील, तरी दोन्ही बॅचच्या नोंदी बघतो. त्यानंतर काही नाही. मी परत लिहिलंय.

पैसे परत मिळायला पंचवीस मिनिटं लागली हे खरं. कार्डाचे पैसे उलटे फिरवायला माझाच पासवर्ड लागतो आणि मी त्या वेळी तुमच्याशी वाद घालत होतो. ‘दुसरा डबा घेऊन जा’ असं मुलगा म्हणाला, ते मात्र मूर्खपणाचं होतं.

यापुढे अशा तक्रारींची नोंद वहीत होईल, झिप लावायच्या पिशव्या काउंटरवर आणून ठेवल्यात, मुलांना सांगितलंय की परत आलेली वस्तू मला विचारल्याशिवाय फेकायची नाही. आणखीही काही करायचं डोक्यात आहे, बघू.

ताई, तुमच्याकडे तो तुकडा अजून असेल तर कृपा करून टाकू नका. मला देऊ नका, नकोच. तुमचा विश्वास नाही, ठीक आहे. बिल आणि तुकडा घेऊन सरळ अन्नसुरक्षा विभागाकडे जा किंवा कंपनीला स्वतः पाठवा, पत्ता मी लिहून देतो. दुकानाचं निवेदन लागलं तर मी सही करून देईन, डबा आमच्याकडून फेकला गेला हेसुद्धा त्यात लिहीन. आणि व्हिनेगरचं वर लिहिलं म्हणून अख्खा तुकडा त्यात घालू नका. स्फटिक असेल तर विरघळून जाईल आणि दाखवायला हातात काही उरणार नाही. कोपऱ्याचा कण निघाला तर तेवढ्यावरच करून बघा, नाही तर राहू दे, प्रयोगशाळेतले लोक बघतील.

तपासात काच निघाली तर मी इथेच, याच उत्तराखाली तसं लिहीन. स्टार एकच राहू द्या, काही हरकत नाही. फक्त ते पुराव्याचं एक वाक्य जमलं तर काढा. बावीस वर्षं गल्ल्यावर बसतोय. वजनात मारलं असं म्हणणारे भेटले, महाग आहे म्हणणारे तर रोज भेटतात. हे कुणी म्हटलं नव्हतं.

आपला,
दुकानाचा मालक

ता. क.: तुमची कापडी पिशवी त्या दिवशी काउंटरवरच राहिली. धुऊन, घडी करून गल्ल्याजवळ ठेवली आहे.