पासवर्ड भिंतीवर, किल्ली केबलवाल्याकडे

डोक्यात तिडीक गेलीये म्हणून लिहितेय. कुणाला लांबलचक वाटलं तर खुशाल सोडून द्या, पण मला आज बोलायचंच आहे.

एक राउटर घ्यायचाय हो. वायफायचा डबा. ट्रॅक्टर नाही, विहिरीवरचा पंप नाही, हाताच्या पंजाएवढं काळं प्लास्टिक. आणि त्याच्यापायी गेला सव्वा महिना मी तालुका, जिल्हा आणि मोबाईलवरची दुकानं असं सगळं पालथं घातलंय. प्रश्न एकच विचारतेय सगळ्यांना: ‘ह्याची कडी नीट लागते का?’ आणि उत्तर एकच मिळतंय: ‘रेंज बघा मॅडम, रेंज!’

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. घर जांभ्या चिऱ्याचं, जुनं, हात-दीड हात जाड भिंती. मी घरी बसून दुकानदारांचे हिशेब लिहिते, जीएसटीचे रिटर्न भरते. म्हणजे माझ्या लॅपटॉपवर दहा-बारा जणांचे पॅन, बँकेचे उतारे, पोर्टलचे पासवर्ड पडलेले असतात. त्याच वायफायवर नाना (माझे सासरे) पेन्शनचा मेसेज बघतात, आई लाईटबिल भरतात, आणि संध्याकाळी टीव्हीपण त्यावरच चालतो. आता सांगा, ह्या डब्याला कुलूप नको?

सुरुवात मुळापासून सांगते. वाडीत फायबर आली तेव्हा केबलवाल्याचा पोरगा आला. गुणी पोर, सुपारीच्या झाडावर चढल्यासारखा खांबावर चढतो. वीस मिनिटांत जोडणी केली आणि निघाला. मी विचारलं, ‘अरे, पासवर्ड काय ठेवलास?’

‘वहिनी, तुमचाच मोबाईल नंबर. लक्षात राहतो.’

नेटवर्कला नाव दिलं आमचं आडनाव. आणि मोबाईल नंबर? तो आमच्या बेड्याला, म्हणजे फाटकाला, लावलेल्या पाटीवर आहे, ‘जीएसटी व इन्कम टॅक्सची कामे’ ह्याच्या खाली, वितभर उंच आकड्यांत! रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतून वाचता येतो. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून पठ्ठ्यानं पडवीत, मीटरशेजारी, गेल्या दिवाळीत रंगवलेल्या भिंतीवर काळ्या मार्करनं तो परत लिहून ठेवला. का? तर ‘पाहुणे आले की विचारतात ना.’

आणि हे फक्त आमच्याच घरी नाही. अख्ख्या वाडीत आडनाव आणि मोबाईल नंबर, हीच रीत. सगळ्यांचे नंबर माझ्याकडे आहेत, म्हणजे सगळ्यांच्या वायफायच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. मी सज्जन आहे म्हणून बरं.

गणपतीत तर बघायलाच नको. मुंबईहून चाकरमानी आले की पाणी विचारायच्या आधी पासवर्ड विचारायचा. गौरीविसर्जनापर्यंत चाळीसेक फोन आमच्या डब्यावर. ते परत जातात, पासवर्ड मागे राहतो, आणि मग वर्षभर संध्याकाळी पाच-सहा पोरं आमच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) ओळीनं बसलेली, माना खाली. पोरांवर माझा राग नाही, खरंच नाही. आंब्यात अडकलेली केबल त्यांनीच सोडवून दिली होती. माझा राग त्यांच्या फोनमध्ये कुठून कुठून उतरवलेल्या फुकटच्या गेमांवर आहे. त्या गेमांबरोबर काय काय किडूकमिडूक आलंय देव जाणे, आणि तो फोन आणि माझा हिशेबाचा लॅपटॉप एकाच नेटवर्कवर शेजारी-शेजारी बसलेत.

हे बोललं की घरात हसतात. ‘आपल्या गावात कोण येतंय हॅक करायला?’ अहो, गावात यावं लागत नाही! २०१६ साली मिराई नावाचा एक प्रोग्राम जगभरातले कॅमेरे आणि राउटर शोधत फिरत होता. त्याच्याकडे काय मोठी विद्या होती? कंपनीतून येतात तसले, ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ छापाचे साठेक पासवर्ड. एकेक करून बघायचा, उघडलं की आत. तसले लाखभराच्या वर डबे गोळा करून त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास झोपवल्या. त्याला काय संगमेश्वर आणि न्यूयॉर्क? दार उघडं की आत, एवढंच.

आणि उघड्या वायफायची गोष्ट ऐकायला अमेरिकेला तरी कशाला जायला हवं? २००८ च्या जुलैत अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी जो धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वायफायवरून गेला होता. त्या घरात राहणाऱ्या माणसाच्या दारात एटीएस उभी राहिली. आमच्या नानांना मी हे सांगितलं तेव्हा कुठे त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘मग त्या गडग्यावरच्या पोरांना विचार, काय करतात ते.’

तर एका दुपारी मी म्हटलं, आधी आहे तोच डबा बघू. उलटा केला. खाली चिकटपट्टी: सेटिंगच्या पानाचा पत्ता १९२.१६८.१.१, युजर अ‍ॅडमिन, पासवर्ड अ‍ॅडमिन. टाकला, पहिल्या फटक्यात उघडला. आतलं सॉफ्टवेअर २०१९ चं. सुरक्षेच्या खान्यात डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए-२ ची खिचडी. (ह्या वायफायच्या कुलपाच्या पिढ्या, ताजी ती डब्ल्यूपीए-३.) डब्ल्यूपीए-२ आलं २००४ साली, आणि त्याच्याआधीचं जे तात्पुरतं ठिगळ होतं तेही अजून चालूच! वर डब्ल्यूपीएस चालू. हे डब्ल्यूपीएस म्हणजे बटण दाबून जोडायची सोय. त्याला आठ आकडी पिन असते. आठ आकडी म्हणजे वाटतं भक्कम. पण ती पिन डबा दोन तुकड्यांत तपासतो, आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरलेला असतो. म्हणजे पहिल्या चारांचे दहा हजार आणि पुढच्या तिघांचे एक हजार, झाले फक्त ११ हजार प्रयत्न. हे २०११ मध्येच जगजाहीर झालंय. आणि आमच्या पडवीत ते आजही सुखेनैव चालू.

मी सगळं बदललं. लांब पासवर्ड ठेवला, डब्ल्यूपीएस बंद केलं, अ‍ॅडमिनचा शब्द बदलला. दोन दिवस मजेत गेले. गडगा रिकामा! आई म्हणाल्या, ‘पोरं का आली नाहीत गं?’

मग तिसऱ्या दिवशी वानरांनी केबल तोडली. पोरगा आला, जोड मारला आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत डब्याच्या मागच्या भोकात टाचणी खुपसून मोकळा झाला. रिसेट! सगळं मूळ पदावर. अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन, डब्ल्यूपीएस चालू, पासवर्ड त्यानं परत ठेवलेला माझा मोबाईल नंबर. ‘वहिनी, लागलं नेट.’ केबल तुटलेली असो, लाईट गेलेली असो, ह्यांच्याकडे औषध एकच, टाचणी. डॉक्टरनं ताप, खोकला, खरूज सगळ्याला एकच इंजेक्शन द्यावं तसं.

म्हणून ठरवलं, आपला स्वतःचा घेऊ.

तालुक्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, ‘किती रूमचं घर?’ मी म्हटलं, ‘ते राहू द्या, डब्ल्यूपीए-३ आहे का ह्यात?’ त्यानं खोकं फिरवून फिरवून बघितलं आणि अत्यंत आत्मविश्वासानं सांगितलं, ‘थ्री नाही मॅडम, ह्याला फोर अँटिना आहेत.’

मला त्या क्षणी रडावं की हसावं कळेना.

दुसरा दाखवला, ‘हा घ्या, स्वस्तात देतो.’ मागे फोनची वायर लावायचं बारकं भोक. जुन्या टेलिफोन लाईनवरच्या इंटरनेटचा माल! फायबरवाल्याला त्याचा काय उपयोग? ‘चालतं ओ सगळं.’ तिसऱ्या खोक्यावर भलामोठा १२०० आकडा. हा वेगाचा आकडा, सेकंदाला इतके मेगाबिट. डबा दोन बँडवर, म्हणजे दोन लहरपट्ट्यांवर, चालतो, आणि हा १२०० म्हणजे एका बँडचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ ह्यांची बेरीज करून वर गोळाबेरीज. तुमचा फोन एका वेळी एकाच बँडवर असतो, त्याला ते १२०० जन्मात मिळायचे नाहीत. दोन गाड्यांचा वेग मिळवून एका गाडीवर लिहायचा, ह्याला धंदा म्हणतात. बरं, त्या दोनपैकी जो वेगवान बँड, ५ गिगाहर्ट्झचा, तो आमच्या चिऱ्याच्या एका भिंतीपलीकडे धापा टाकतो आणि दुसरीपलीकडे मान टाकतो.

पुतण्या पुण्याला असतो. तो म्हणतो, ‘काकू, ऑनलाइन मागव की, रिव्ह्यू वाचून.’ वाचले. ‘पॅकिंग सुंदर, डिलिव्हरी वेळेआधी, पाच तारे.’ ‘दिसायला छान आहे, टीव्हीच्या बाजूला शोभतो.’ ‘नवऱ्याला आवडला.’ अरे, कडी लागते का त्याची? शहाण्या लोकांचे सल्लेही असेच. ‘राउटर घराच्या मध्यभागी ठेवा.’ आमच्या घराच्या मध्यभागी देवघर आहे! गणपतीशेजारी चार अँटिनांचा डबा ठेवायचा म्हटल्यावर नानांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. विषय संपला.

मला सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो सांगू? पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर लिहिलेलं असतं कधी खराब होणार ते. फ्रिजवर चांदण्या असतात, किती वीज खातो ते कळायला. आणि ज्या डब्यातून माझ्या घरातला सगळा पैसा-अडका ये-जा करतो, त्याच्या खोक्यावर सगळं आहे, फोटोत हसणारं कुटुंब आहे, पण हा डबा किती वर्षं दुरुस्त होत राहणार, त्याला अपडेट कधीपर्यंत मिळणार, हे कुठ्ठे नाही. मी पाच खोकी वाचली, भिंग लावून. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच आहे: सगळ्या डब्यांना सारखा पासवर्ड ठेवून विकायचं नाही, आणि सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते गिऱ्हाइकाला सांगायचं. इथे दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, ‘एक वर्ष वॉरंटी आहे ना.’ वॉरंटी म्हणजे जळला तर बदलून, हो, आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की जळतोच. (वीज पडून गेला तर वॉरंटीत नाही, हे त्यानं नंतर सांगितलं. आमचा पहिला डबा तसाच गेला होता, अडॅप्टरसकट. आता ढग आले की मी आधी प्लग उपटते, मग वाळवण काढते.)

अखेर घेतला. डब्ल्यूपीए-३ असलेला, अपडेट आपणहून उतरवणारा, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क देणारा. गडग्यावरच्या पोरांना आणि चाकरमान्यांना ते वेगळं, माझा लॅपटॉप आत. लाईट गेली तर चालावा म्हणून छोटा यूपीएसही घेतला, तोही १२ व्होल्टचाच बघून. नानांचा जुना फोन नुसत्या डब्ल्यूपीए-३ ला ओळख देईना, म्हणून २ आणि ३ मिश्र ठेवायचं ठरवलं. ठीक आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाराबाहेर ठेवता येत नाही.

आता तरी झालं ना? नाही! केबलवाल्याचा फायबरचा डबा मध्ये आहेच, तो काढता येत नाही. त्याला नुसता नळासारखा ठेवायचा, पाणी इकडून तिकडे, बाकी काही करायचं नाही. ब्रिज मोड म्हणतात. त्यासाठी त्या डब्याचा अ‍ॅडमिनच्याही वरचा, कंपनीचा पासवर्ड हवा आणि आमच्या जोडणीचा लॉगिन हवा. फोन केला. ‘तो पासवर्ड आम्ही देत नाही वहिनी. कंपनीचा रूल आहे.’ अरे, डबा माझ्या पडवीत, वीज माझी, महिन्याचे पैसे माझे, आणि आतल्या खोलीची किल्ली तुझ्याकडे?

‘तुम्ही कशाला त्रास घेता? आम्ही ऑफिसातूनच करून देऊ, लांबूनच आत जाऊन. आमच्या सगळ्या कस्टमरला एकच पासवर्ड आहे, दोन मिनिटांचं काम.’

सगळ्या कस्टमरला एकच पासवर्ड. लांबूनच आत जाऊन. हे तो मला समजूत घालायला सांगत होता!

तर सध्या परिस्थिती अशी आहे. लांबून आत यायचं जे दार मला कायमचं बंद करायचंय, त्याच दारातून आधी त्यानं आत यायला हवं, तरच ते बंद होणार. गुरुवारी करतो म्हणाला होता. आज शनिवार. नवा डबा कपाटावर परत खोक्यात आहे, पडवीतला जुना डबा दिवे मिचकावतोय, आणि आत्ता गडग्यावर सात जण बसलेत. गेल्या आठवड्यापेक्षा दोन जास्त.