सातवीचा व्हिडिओ आणि टपरीवरचा चहा

रविवारी मास्तर कट्ट्यावर आले ते मोबाइल हातात धरूनच. सातवीतली एक मुलगी फळ्यापुढे उभी राहून जलचक्र समजावत होती. 3 मिनिटांचा व्हिडिओ.

"आता गंमत ऐका," मास्तर म्हणाले. "तिनं हा स्वतः पाहिला आणि वहीत रेघा मारत बसली. शेवटी म्हणते, सर, 14 वेळा 'म्हणजे' झालं. आणि ढग आले की मी पोरांकडं बघतच नाही, फळ्याशीच बोलते. मी वर्षभर हेच ओरडतोय, तेव्हा शिंचं ऐकू येत नव्हतं!"

"पोरं मन लावून बघतात होय?" अण्णा.

"पहिल्यांदा नुसती खिदळतात. केस, युनिफॉर्म, आणि 'हा माझा आवाज नाहीच!' आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही पोचतो, रेकॉर्डिंगमध्ये तो भरीवपणा जातो. म्हणून पहिला फेरा हसण्यासाठी सोडून द्यायचा. दुसऱ्या फेऱ्यात एकच काम द्यायचं, फक्त 'म्हणजे' मोज. दहा गोष्टी बघायला सांगितल्या की एकही दिसत नाही."

हे काही नवं नाही. 1963 च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये होऊ घातलेल्या शिक्षकांचे छोटे पाठ रेकॉर्ड करून त्यांनाच दाखवायला लागले. आपल्याकडं बीएडला हेच सूक्ष्म अध्यापन, म्हणजे छोट्या पाठांचा सराव, आलं ते बहुतेक कॅमेऱ्याविनाच. 36 मिनिटांचं चक्र: 6 मिनिटं पाठ, 6 प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), 12 नव्यानं आखणी, 6 परत पाठ, 6 परत प्रत्याभरण. कॅमेऱ्याच्या जागी मागच्या बाकावर टिपणं काढणारे मित्र. ("आणि मित्र सगळ्यांना 'उत्तम' लिहायचे," मास्तरांनीच कबूल केलं.) मला त्यातली ती 12 मिनिटं महत्त्वाची वाटतात. नुसतं बघून कोण सुधारतं? बघितल्यावर परत करायची संधी हवी.

इतका वेळ गप्प असलेल्या वकिलानं कटिंग खाली ठेवला. "मास्तर, हा व्हिडिओ तिनं बघायचा होता ना? मग आम्ही चहा पिताना का बघतोय?"

मास्तर गडबडले. "अहो, कौतुकानं..."

"2023 चा डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीबद्दल बोलतो. पण कायदा राहू द्या. त्या पोरीला विचारलंत?"

अण्णा एकदम तापले. त्यांचा धाकटा कविता म्हणताना अडखळला, तो व्हिडिओ वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला, खाली पंधरा-वीस हसऱ्या इमोजी. "त्यानंतर कॅमेरा दिसला की पोरगा बाथरूमला पळतो."

मी वकिलाच्या बाजूनं झालो. पण 'मोबाइल बंदच करा' हे अण्णांचं म्हणणं मला पटलं नाही, कारण त्या 14 रेघा डोळ्यांसमोरून जाईनात.

मास्तरांनी आमच्यासमोर व्हिडिओ डिलीट केला, वर कचरापेटीही रिकामी केली.

"दुसऱ्यांदा किती वेळा आलं 'म्हणजे'?" अण्णांनी जरा वेळानं विचारलं.

"5."

"दाखवा."

"वही तिच्याकडं आहे."